वाइनचा एक ग्लास आणि सिंकमध्ये ओतलेलं दूध

डॉक्टर,

मी पुण्यात राहते. मुलगी साडेचार महिन्यांची आहे, पूर्ण अंगावर पिते. वजन साडेसहा किलो, तब्येत छान. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी आणि नवरा बाहेर जेवायला गेलो होतो. जेवताना मी रेड वाइनचा एक ग्लास घेतला. दिवस राहिल्यापासूनचा पहिलाच. साडेनऊपर्यंत संपला असेल. घरी आलो, साडेबाराला मुलगी भुकेनं उठली आणि माझ्या पोटात गोळा आला. माझी जाऊ टेक्सासला असते. ती मागे म्हणाली होती की तिकडे बायका प्यायल्या तर दूध पंपानं काढून टाकून देतात. मीही तेच केलं. एक वाजता ओट्याशी उभं राहून शंभर-सव्वाशे मिली दूध सिंकमध्ये ओतलं आणि अडीअडचणीला आणून ठेवलेल्या डब्याचं दूध केलं. मुलीनं बाटली तोंडात धरली नाही, रडून रडून दमली. शेवटी नवऱ्यानं तिला घेतलं आणि छातीवर टाकून सोफ्यावरच झोपला. त्याचे तीन पेग झाले होते.

सकाळी सासूबाईंना सगळं कळलं. तेव्हापासून "दारू प्यायलेल्या आईचं दूध" हा विषय दिवसाआड निघतो. नवऱ्याबद्दल मात्र "बघ, रात्रभर लेकीला घेऊन झोपला बिचारा." सासूबाई वाईट नाहीत. माझं बाळंतपण त्यांनीच केलं. शेक, डिंकाचे लाडू, काढा, दशमूलारिष्ट, एक दिवस चुकवला नाही. म्हणून उलट बोलवतही नाही. आता पुढच्या महिन्यात नाशिकला दिराचं लग्न आहे, आदल्या रात्री कॉकटेल पार्टी. एखादा ग्लास घेतला तर चालेल का? आणि त्या रात्री मुलीला काही झालं असेल का?

— नाव नको


तुझ्या मुलीला काहीही झालेलं नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न महिनाभर तुझ्या डोक्यात घोळतोय हे पत्रातून दिसतंय. तू ओतून टाकलेलं दूध चांगलं होतं. आणि त्या रात्री तुमच्या घरात खरोखर धोक्याची अशी एक गोष्ट घडली, ती तू पत्रात लिहिलीही आहेस, पण तिच्याबद्दल काही विचारलेलं नाहीस. तिकडे येते.

आधी दुधाचं. दारू पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून दुधात जाते, तिला आडकाठी नाही. रक्तात जेवढं अल्कोहोल, जवळपास तेवढंच दुधात. रिकाम्या पोटी घेतलं तर अर्ध्या ते एका तासात प्रमाण सगळ्यात जास्त होतं, जेवणाबरोबर घेतलं तर एक ते दीड तासात. मग यकृत आपल्या गतीनं ते जाळत जातं आणि रक्तातलं प्रमाण उतरतं, तसं दुधातलंही उतरतं. दुधातलं अल्कोहोल परत रक्तात जातं. स्तनांत ते साठून राहत नाही. पंप करणाऱ्यांना नेमकं हेच कुणी सांगत नाही. विहिरीचा झराच खारा असताना चार बादल्या उपसून टाकल्या तर पाचवी गोडी येत नाही, आणि झरा गोडा झाला की न उपसताही पाणी गोडं होतं. दूध काढून फेकल्यानं अल्कोहोल मिनिटभरही लवकर जात नाही. काळी कॉफी प्या, लिंबूपाणी प्या, व्यायाम करा, थंड पाण्यानं आंघोळ करा, कशानंही नाही. फक्त वेळ.

आता तुझ्या त्या ग्लासाचा हिशेब करू. तुझं वजन तू लिहिलेलं नाहीस, मी पंचावन्न किलो धरते. हॉटेलातला वाइनचा ग्लास साधारण 150 मिलीचा. आपल्याकडच्या रेड वाइनमध्ये तेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणजे तुझ्या पोटात शुद्ध अल्कोहोल गेलं सुमारे 15 ग्रॅम. एवढ्यानं पंचावन्न किलोच्या बाईच्या रक्तात अगदी भरात असताना 100 मिलीमागे 50 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल होतं. (जाता जाता, आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. "एकाच ग्लासानं काय होतंय" म्हणत किल्ली हातात घेणाऱ्या बारीक चणीच्या मैत्रिणींना हे सांग.) मग तासाला साधारण 15 ते 20 मिलिग्रॅमनं ते उतरतं. साडेनऊला ग्लास संपला, एक वाजता तू ओट्याशी उभी होतीस. मधे साडेतीन तास गेले. तोवर दुधात उरलंसुरलं काही असलंच, तर नसल्यात जमा.

समज, तू घाबरली नसतीस आणि मुलगी ऐन भराच्या वेळी, साडेदहालाच उठली असती, आणि तू तेव्हा पाजलं असतंस. शंभर-सव्वाशे मिली दुधातून तिला मिळालं असतं सुमारे 60 मिलिग्रॅम अल्कोहोल. वाइनच्या भाषेत अर्धा मिली, दहा-बारा थेंब. हे मुद्दाम करावं असं मी म्हणत नाही. पण घरात ज्या शब्दांत रोज बोललं जातंय त्यावरून वाटावं की मुलीला कुणी बाटलीच लावली.

ती रडली ती बाटलीमुळे. साडेतीन महिने अंगावर पिणारं मूल मध्यरात्री रबरी बोंडी तोंडात घ्यायला नकार देतं, यात नवल काय? डब्याचं दूध एकदा दिल्यानं बिघडलेलं काही नाही, तेही मनातून काढून टाक.

पण मग वाइन निर्धोक, असं समजून उड्या मारू नकोस. दुधावर आणि बाळावर दारूचे परिणाम होतात, ते दिसलेले आहेत. फिलाडेल्फियात ज्युली मेनेला नावाच्या संशोधिकेनं 1991 पासून यावर काम केलंय. आई थोडी दारू प्यायली की दुधाला वास येतो, आणि त्यानंतरच्या काही तासांत बाळं नेहमीपेक्षा कमी दूध पितात. चोखतात तेवढंच, पण पोटात कमी जातं. कारण पान्हा. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन लागतं, आणि अल्कोहोल ते दाबतं. हे इतकं खरं आहे की 1960-70 च्या दशकांत मुदतीआधी कळा सुरू झालेल्या बायकांना कळा थांबाव्यात म्हणून शिरेतून अल्कोहोल चढवत असत. कळा आणि पान्हा, दोन्हीमागे हार्मोन एकच.

त्यामुळे "बिअरनं दूध वाढतं" म्हणणारी एखादी मावशी लग्नात भेटलीच तर हसून मान हलव आणि सोडून दे. समज फार जुना आहे. अमेरिकेतल्या अनहायझर-बुश या बिअर कंपनीनं 1895 मध्ये माल्ट-न्यूट्रिन नावाचं पेय टॉनिक म्हणून आणलं होतं, ते पाजत्या आयांनाही दिलं जाई. त्यात तथ्याचा कण एवढाच की बार्लीतल्या एका घटकानं प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं हार्मोन थोडं वाढतं. ते बिनअल्कोहोलच्या बिअरनंही वाढतं. अल्कोहोल असलेली बिअर प्यायल्यावर मात्र बाळाच्या पोटात जाणारं दूध कमी होतं. आईला वाटतं छाती भरून आली, दूध वाढलं. खरं म्हणजे ते उतरलेलंच नसतं. आपली अळिवाची खीर दूध वाढवते की नाही यावर वाद घालता येईल, पण निदान पान्हा तरी अडवत नाही.

दीर्घकाळाचं काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधशील म्हणून सांगते. 1989 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, त्यात रोज पिणाऱ्या आयांच्या अंगावर पिणारी मुलं वर्षाची झाली तेव्हा हातापायांच्या विकासात किंचित मागे दिसली. तो अभ्यास करणाऱ्या संशोधिकेनंच नंतर इंग्लंडमधल्या मुलांवर पुन्हा तपासलं, ते 2002 मध्ये आलं. तो फरक तिथे दिसला नाही. म्हणजे रोजच्या पिण्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे, आणि वाढदिवसाच्या एका ग्लासावरून मुलीच्या बुद्धीची काळजी करायला नाही. भरपूर आणि नेमानं पिणाऱ्या आईचं प्रकरण वेगळं. तिथे दूध कमी होतं, बाळ पेंगतं, वजन धरत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं म्हणणं असं की न पिणं सगळ्यात सुरक्षित. पण दिवसाला एका ड्रिंकपेक्षा जास्त नाही आणि त्यानंतर पाजायच्या आधी निदान दोन तास, एवढं पाळलं तर बाळाला अपाय होतो असं आढळलेलं नाही. मी आपल्याकडच्या बायकांना दोनऐवजी तीन तास सांगते, कारण आपली चण लहान आणि आपले ग्लास मोठे.

गरोदरपणाशी याची गल्लत करू नकोस. पोटातल्या बाळाच्या रक्तात आईच्या रक्ताएवढंच अल्कोहोल असतं, आईच्या रक्तात असेतोवर त्याची सुटका नाही, म्हणून गरोदरपणी एक थेंबही नको म्हणतात ते बरोबरच आहे. सासूबाईंच्या मनात बहुतेक हीच दोन्ही एकत्र झाली आहेत. पोटाबाहेरच्या बाळाच्या बाबतीत तुझ्या हातात घड्याळ असतं.

आता ग्लासाच्या मापाबद्दल, कारण नाशिकला तुझी फसगत इथेच व्हायची. ज्याला अमेरिकेत एक ड्रिंक म्हणतात त्यात 14 ग्रॅम अल्कोहोल धरलेलं असतं. आपल्याकडची 650 मिलीची माइल्ड बिअरची बाटली म्हणजे जवळजवळ दोन ड्रिंक. तीच बाटली आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर तीन. व्हिस्की-रम-व्होडका आपल्याकडे 42.8 टक्क्यांची असते. 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये 10 ग्रॅम, 60 च्या मोठ्यात 20. आणि ते मापानं ओतलेल्या पेगबद्दल झालं. लग्नात काउंटरवरचा मुलगा नवरदेवाच्या वहिनीला ओळखतो, त्याचा हात सैल सुटतो. कॉकटेलमध्ये तर काय काय आणि किती मिसळलंय ते त्यालाही नेमकं सांगता येणार नाही. संत्र्याच्या रसात दारू गोड लागते आणि दोन ग्लास कधी संपले ते कळत नाही. घ्यायचंच असेल तर वाइन घे, म्हणजे किती घेतली ते डोळ्यांना दिसतं. गाव नाशिक आहे, वाइनची वानवा नाही.

दशमूलारिष्टाकडे वळू. तुझ्या घरात बाटली अजून असेल तर ती उचल आणि लेबलावरची बारीक अक्षरं वाच. त्यात अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं, बहुतेक पाच ते दहा टक्के. अरिष्ट म्हणजे काढा गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवलेला, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं. दिवसातून दोनदा वीस-वीस मिली म्हटलं तर दोनेक ग्रॅम अल्कोहोल रोज जातं. तुझ्या त्या ग्लासाचा सातवा भाग, तोही दोन वेळांत वाटून. एवढ्याची मी काळजी करत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा नवजात कावीळ रेंगाळली असेल तर मात्र असलं काही घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. बाटलीत अल्कोहोल आहे हे सासूबाईंना ठाऊक नसेल. ते तू सांगू शकतेस, पण वादात तोंड बंद करायला म्हणून सांगू नकोस. चाळीस दिवस पहाटे उठून तुझी शेगडी पेटवणाऱ्या बाईला "तुम्हीच मला दारू पाजलीत" म्हणशील तर जिंकशील आणि घरात बसायची चोरी होईल.

ब्रँडीचं मात्र मी खपवून घेत नाही. कुणाच्या घरी बाळंतिणीला कॉफीत ब्रँडी घालून देतात, कुणी सर्दी झाली म्हणून बाळाच्या छातीला चोळतं, आणि कुणी "एक चमचा दे, शांत झोपेल" म्हणतं. लग्नघरात, थंडीत, रडणारं बाळ आणि हाताशी बाटली असताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. हिशेब ऐक. एका चहाच्या चमच्यात 5 मिली ब्रँडी, तिच्यात 1.7 ग्रॅम अल्कोहोल. तुझ्या साडेसहा किलोच्या मुलीला तो चमचा म्हणजे वजनाच्या मानानं तू प्यायलेला अख्खा ग्लास. तुझ्या दुधातून अगदी भराच्या वेळी जाईल त्याच्या पंचवीस पटींहून जास्त. वर लहान बाळात दारूनं रक्तातली साखर घसरते, श्वास मंदावतो. "शांत झोपली" म्हणून कौतुक करत बसलेल्या घरातून बाळं हॉस्पिटलात येतात. बाळाच्या तोंडात थेंबही नको, हिरड्यांना बोट लावूनही नको, आणि चोळायलाही नको. नाजूक कातडीतून आणि वासातून ती आत जाते. सर्दीला नाकात सलाइनचे थेंब पुरतात.

आता ज्याबद्दल तू विचारलं नाहीस ते. तीन पेग झालेला बाप, सोफा, आणि छातीवर साडेतीन महिन्यांचं बाळ. तुझ्या सगळ्या पत्रात मी जिथे थबकले ते हे वाक्य. प्यायलेला माणूस गाढ झोपतो, कूस बदलताना त्याला भान राहत नाही, बाळ घसरून सोफ्याच्या पाठीच्या आणि त्याच्या अंगाच्या फटीत गेलं तर त्याला जाग येत नाही. बाळ त्या फटीत ओरडत नाही. ते गुदमरतं, आवाज न करता. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 च्या मार्गदर्शिकेत दारू किंवा औषधांनी सुस्तावलेल्या माणसाबरोबर बाळाला झोपवणं आणि सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाबरोबर झोपणं ही दोन्ही सगळ्यात धोक्याच्या गटात टाकली आहेत. साध्या सोबत झोपण्याच्या तुलनेत दहापटींहून जास्त धोका. तुमच्याकडे दोन्ही एकाच रात्री झालं. सकाळी मुलगी सुखरूप उठली हे नशीब, आणि सगळ्या घरानं त्याचं कौतुक केलं. दहा थेंब वाइन जिच्या दुधात नव्हतीच तिला महिनाभर बोलणी, आणि तीन पेगवाला "बिचारा". चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

नवऱ्यावर चिडण्यासाठी हे लिहीत नाही. त्यानं रडणारी मुलगी उचलून घेतली, दमलेल्या बायकोला झोपू दिलं, त्याचा हेतू चांगलाच होता. त्याला धोका माहीत नव्हता, एवढंच. तो त्याला माहीत करून दे. हे पत्र त्यालाच वाचायला दे हवं तर. आपल्याकडे बाळं आईबापाजवळच झोपतात आणि मी काही तुम्हाला वेगळी खोली करायला सांगत नाही. नियम एवढाच की ज्यानं घेतली आहे तो बाळाच्या अंथरुणावर नाही. एक पेग असो की तीन, आई असो, बाप असो की आजोबा. झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारं सर्दीचं औषध घेतलेल्यालाही हाच नियम. बाळ उताणं, स्वतःच्या पाळण्यात किंवा खाली वेगळ्या घट्ट गादीवर, डोक्याजवळ उशा-लोड-जाड दुलया नाहीत.

नाशिकच्या रात्रीसाठी हे आधी ठरवावं लागेल, कारण लग्नघरात एका खोलीत ओळीनं गाद्या पडतात. कोण कुठे आडवं होईल त्याचा नेम नसतो. रात्री अडीच वाजता काकासासरे "जरा पाठ टेकतो" म्हणत तुझ्या मुलीशेजारी लवंडलेले आढळतील. निघायच्या आधीच सांगून एक छोटी खोली किंवा निदान कोपरा मिळव, प्रवासी पाळणा बरोबर ने. नवरदेवाच्या भावाला आणि वहिनीला एवढं मागायचा हक्क आहे.

ग्लास घ्यायचा ठरवलास तर असं कर. पुढच्या महिन्यात मुलगी साडेपाच महिन्यांची असेल, म्हणजे रात्री तिच्या दोन पाजण्यांत तीन-चार तासांची फट पडत असेल. महिन्याच्या आतलं, दर दोन तासांनी पिणारं बाळ असतं तर मी घेऊच नको म्हटलं असतं. तेव्हा फटही मिळत नाही आणि बाळाचं यकृतही अगदीच कच्चं असतं. तर संध्याकाळी तिला पोटभर पाज, ढेकर काढ, झोपव. मग आधी जेव. जेवताना एक ग्लास घे, आणि घड्याळ पाहून घे. दुसरा घेतलास तर तासही दुप्पट होतात. ग्लास संपल्यापासून तीन तासांनी नेहमीसारखं पाज.

मधेच उठली तर? त्यासाठी दोन-तीन दिवस आधी एखाद्या सकाळी, छाती भरलेली असते तेव्हा, शंभर मिली दूध काढून ठेव. घट्ट झाकणाच्या स्वच्छ डब्यात फ्रिजमध्ये, दारात नाही, आतल्या बाजूला, चार दिवस टिकतं. पुण्याहून नाशिकपर्यंत बर्फाच्या पिशवीत नेता येईल. बाहेर चार तासांपलीकडे नको, उकाडा असेल तर त्याहून कमी. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नकोस, भांड्यातल्या कोमट पाण्यात डबा धरायचा. आणि तुझ्या लेकीनं बाटलीला नकार दिलेलाच आहे, तेव्हा वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजायची सवय आतापासून कर. हे काम आजीला दे. पाजायचं दूध तू पार्टीच्या आधी काढून ठेवलंयस हे सासूबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या हातानं पाजलं, तर "दारू प्यायलेल्या आईचं दूध" हे वाक्य निदान त्या रात्री तरी निघणार नाही.

पंप जवळ ठेव, पण छाती दगड झाली तरच वापर. तेवढ्यात काढलेलं दूध टाकून दे, ते टाकायला हरकत नाही. ते टाकल्यानं पुढचं लवकर साफ होतं, असं मात्र नाही. जाऊबाई लग्नाला येतील तेव्हा दुधातलं अल्कोहोल तपासायच्या कागदी पट्ट्या घेऊन येतील कदाचित, तिकडे मिळतात. आभार मानून ठेवून दे. घड्याळ फुकट आहे आणि तेवढंच काम करतं.

एक शेवटचा प्रश्न तुला नाही, तुझ्यामुळे हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला. बाळंतपणानंतर रोज संध्याकाळी एक ग्लास लागतोय, त्याशिवाय झोप येत नाही, किंवा बाळाचं रडणं ऐकून दाराआड जाऊन घोट घेतला जातोय, तर तासांचा हिशेब बाजूला ठेवा. ते दुधाचं नाही, मनाचं दुखणं आहे, आणि बाळंतपणानंतर ते पुष्कळ जणींना होतं. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा बाळाच्या डॉक्टरांना सांगा, लाज वाटू देऊ नका. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

तुझ्यापुरतं, ग्लास घ्यायचा की नाही ते तूच ठरव. मी दोन्हीला हो म्हणेन. पण नवऱ्याला मात्र निघायच्या आधीच विचार: त्या रात्री लेकीजवळ झोपायचंय की भावाच्या कॉकटेल पार्टीत प्यायचंय? प्यायचं असेल तर त्याची गादी हॉलमध्ये, काकांच्या ओळीत.